डावीकडे जाणारी होडी

चाळिशी उलटलेल्या माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं डॉक्टर सांगतात. कुठला छंद, ते मात्र सांगत नाहीत. ती जबाबदारी ते आपल्यावर सोडतात आणि आपण ती, दोन हजार दोन साली मी घेतली तशी, कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत बसून घेतो.

गेलो होतो मुलीचा निकाल बघायला. निकालाचं पान उघडत नव्हतं, म्हणून शेजारचं कुठलं तरी पान उघडलं. त्यावर दाढीवाला एक परदेशी गृहस्थ स्वतःच्या हाताने केलेल्या कयाकशेजारी उभा होता. कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली, एकट्या माणसाने पाय पसरून बसायची होडी. मध्ये एक भोक, भोकात माणूस, माणसाच्या हातात दोन्हीकडे पाती असलेलं वल्हं. प्लायवूडच्या फळ्या कापायच्या, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, सांध्यांत रेझिन नावाची चिकट राळ भरायची, तारा काढून टाकायच्या, की झाली होडी. त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की मी निकाल विसरून होडीचा आराखडा छापून घेऊन घरी आलो.

इथे माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, तिच्याकडे संशयाने बघायचं आणि केसभर फरक निघाला की तिला लाल चिठ्ठी लावून परत पाठवायची. माल पुरवणारे लोक मला पाठीमागे 'नापास गायधनी' म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि मनातून ते मला आवडतं. आयुष्यभर असं काम केलं, की माणसाला हळूहळू वाटायला लागतं, आपण स्वतः एखादी वस्तू केली तर ती काय निर्दोष होईल!

“मी होडी करणार आहे,” जेवताना मी जाहीर केलं.

लतिकाने, म्हणजे माझ्या पत्नीने, आमटी वाढायची थांबवली नाही. ती टेलिफोन खात्यात आहे. चमत्कारिक गोष्टी शांतपणे ऐकून घ्यायची तिला सवय आहे.

“कशासाठी?”

“पाण्यात जायला.”

“तुम्हाला पोहता येत नाही.”

“म्हणूनच होडी. पोहता येणाऱ्याला होडीची काय गरज?”

तिने माझ्या पानात भात वाढला. ती सायखेड्याची, गोदावरीकाठची. लहानपणी पुरात उड्या मारलेली बाई. आमचं घराणं पंचवटीतलं. आमच्या कित्येक पिढ्यांनी यात्रेकरूंना गोदावरीत बुड्या मारायला लावल्या आणि स्वतः घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही.

होडी करायची कुठे, हा पहिला प्रश्न. घरात केली तर दारातून बाहेर निघणार नाही, एवढं मला कळत होतं. तरी सगळ्या बिल्डिंगने मला ते वेगवेगळं येऊन सांगितलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आल्हाद क्षेमकल्याणी तर हॉलच्या दाराची उंची मोजायला टेप घेऊनच आले. हे गृहस्थ कुठल्याही विषयावर सल्ला देतात आणि सल्ल्याची सुरुवात “मला त्यातलं काही कळत नाही, पण” अशी करतात.

“मला होड्यांतलं काही कळत नाही, पण,” ते म्हणाले, “तुम्ही गच्ची घ्या. गच्चीला दारच नाही. वरून सोडायची दोरानं. हाय काय अन् नाय काय!”

मला ते पटलं. पटायला नको होतं.

प्लाय आला, रेझिनचे डबे आले, तारेची वेटोळी आली. उन्हाळा सुरू झाला होता. मी ऑफिसातून आलो की गच्चीवर आणि रविवारी सकाळपासून गच्चीवर. फळ्या कापून झाल्या. लाकडी घोडे मांडून त्यांवर फळ्या ठेवल्या आणि शिवायला बसलो. प्रत्येक घोड्याची उंची फुटपट्टीने मोजली. सगळे अगदी बरोबर निघाले. लतिका चहा घेऊन आली, तेव्हा मी मांडी घालून, चष्मा नाकावर आणून, दातात तार धरून टाके घालत होतो.

“माझ्या ब्लाउजचं हुक कधीचं तुटलंय,” ती म्हणाली, “हे झालं की बघा जरा.”

आता गच्ची ही वस्तू कागदोपत्री सोसायटीच्या मालकीची असली, तरी एप्रिल-मे महिन्यांत ती कमळाबाई शिरोडे यांच्या मालकीची असते. कमळाबाई तळमजल्यावर राहतात. मूळच्या सटाण्याच्या. कुरडया, पापड, सांडगे, बटाट्याचा कीस या क्रमाने त्या गच्ची व्यापत जातात आणि पाऊस येईपर्यंत सोडत नाहीत. त्या पहिल्या दिवशी कुरडयांची परात डोक्यावर घेऊन आल्या आणि होडी बघून जिन्याच्या तोंडाशीच थबकल्या.

“हाई काय शे?”

“होडी आहे, कमळाबाई.”

“होडी?” त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “यंदा एवढा पाऊस सांगितलाय का?”

आमच्यात गच्चीची वाटणी झाली. टाकीच्या अलीकडे होडी, पलीकडे कुरडया. दोन्ही देश काही दिवस शांततेने नांदले. लढाई झाली ती रेझिनमुळे.

रेझिनमध्ये दुसऱ्या डब्यातलं औषध घालून ढवळलं की ते हळूहळू घट्ट होतं. हळूहळू, हा शब्द त्या परदेशी दाढीवाल्याने त्याच्या गावच्या हवेवरून लिहिला होता. नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी, तापलेल्या गच्चीवर, लतिकाच्या लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत मी ते एकदम भरपूर कालवलं. बरणी आधी कोमट झाली. मग गरम झाली. मग तिच्यातून पांढरा धूर यायला लागला आणि बरणी हातातच वाकली. मी ती टाकली. कुठे टाकायची ते बघायला वेळ नव्हता.

कुरडयांत पडली.

“आग! आग!” कमळाबाई ओरडल्या. खालून क्षेमकल्याणी वाळूची बादली घेऊन धावत आले आणि मला त्यातलं काही कळत नाही पण, असं न म्हणताच त्यांनी ती ओतली. आग नव्हतीच. कुरडया मात्र होत्या. रेझिन, त्यावर वाळू, मध्ये कुरडया. थोड्या वेळाने तो सगळा ऐवज इतका कडक झाला, की गच्चीच्या फरशीपासून तो आजतागायत निघालेला नाही. मी ऑफिसात मजबुतीची परीक्षा घेतो म्हणून सांगतो, एवढा पक्का जोड माझ्या होडीत दुसरा कुठेही जमला नाही.

त्या संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा झाली. विषय एकच. मला पावसाआधी गच्ची रिकामी करायला सांगण्यात आलं. कमळाबाईंनी सभेत फक्त जळका वास येणारी एक कुरडई टेबलावर ठेवली. त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. जिन्यात दिसलो की त्या भिंतीकडे बघत. माझ्या वासानेच त्यांना मी आल्याचं कळत असावं.

मधल्या काळात मी परवानगीच्या मागे लागलो. होडी धरणाच्या पाण्यात घालायची तर विचारून घालावी, असा माझा सरळमार्गी विचार. एका सरकारी कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

“मासेमारीची होडी?”

“नाही.”

“प्रवासी वाहतूक?”

“एकच प्रवासी. तोही मीच.”

“मग वाळूची?”

“छे हो. कयाक आहे. एस्किमो लोक वापरतात.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे लोक कुठल्या तालुक्यात येतात?”

मी त्यांना उत्तर ध्रुवाविषयी थोडं सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं. मला वाटलं माझ्यासाठी, पण ते त्यांनीच प्यायलं.

“असं आहे गायधनी,” ते म्हणाले, “अशा होडीला परवानगी द्यायची आमच्याकडे सोय नाही.”

“म्हणजे नाकारली?”

“नाकारायची पण सोय नाही. तुम्ही असं करा, आलाच नव्हतात असं समजा.”

ही सूचना मला आवडली. मी आलोच नव्हतो असं समजून घरी आलो आणि धरणाचा नाद सोडून नदीवर जायचं ठरवलं. आनंदवल्लीच्या बाजूला पाणी संथ असतं. तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही.

होडी पूर्ण झाली तेव्हा ती खरोखर सुंदर दिसत होती. पिवळा रंग, वर वॉर्निश. संध्याकाळच्या उन्हात मी तिच्याभोवती फिरत राहायचो. लाल चिठ्ठी लावायला कुठे जागा आहे का, असं बघायचो आणि नाही असं बघून खूश व्हायचो. ऑफिसातही मी सांगून ठेवलं. ते सांगायला नको होतं, कारण माल पुरवणाऱ्या लोकांपर्यंत बातमी गेली आणि जलावतरणाच्या रविवारी त्यांच्यातले बरेच जण यायला निघाले. माझ्यावर एवढं प्रेम असल्याचं त्यांनी पूर्वी कधी दाखवलं नव्हतं.

त्याआधी होडी खाली उतरवायची होती. दोर बांधले. वरून मी आणि क्षेमकल्याणींचे दोन मेहुणे, खाली टेम्पोवाला चंदर, मध्ये प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत सल्लागार. “डावीकडे घ्या!” “ढील द्या!” “ओढा!” अशा तीन सूचना एकदम आल्या आणि आम्ही तिन्ही पाळल्या. होडी गर्रकन फिरली आणि दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर आपटली. करकर आवाज झाला. तो आवाज ऐकून माझ्या छातीत जे झालं ते मी इथे सांगत नाही. विनोदी काही नव्हतं ते.

खाली येऊन बघतो तर बुडाशी नारळ जाईल एवढं भोक.

“साहेब, आता याच्यातून पाणी आपसूक निघून जाईल की,” चंदर म्हणाला. त्याला मला धीर द्यायचा होता.

दुरुस्ती पार्किंगमध्ये सुरू झाली. पार्किंग ही गच्चीपेक्षा वाईट जागा, कारण तिथून प्रत्येकाला जावंच लागतं. प्रत्येक जण थांबला. एकाने डांबर सुचवलं, एकाने म्हैस बांधतात त्या गोठ्याचा पत्रा. क्षेमकल्याणींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांच्या मते भोक मोठं करून तिथे काच बसवली तर मासे दिसले असते. मी दात आवळून आतून प्लायचा तुकडा बसवला, बाहेरून काचधाग्याचं कापड लावलं, रेझिन चोपडलं आणि ते सुकेपर्यंत हाताने दाबून धरलं. लोकांची उत्तरं देण्याच्या नादात माझी बाही कुठे गेली ते लक्षात आलं नाही. उठायला गेलो तर होडी माझ्याबरोबर उठली.

लतिकाने कात्री आणली. शर्टाची बाही कोपरापासून कापली. त्या ठिगळात माझ्या चौकडीच्या शर्टाचा एक तुकडा कायमचा राहिला. वरून रंग दिला तरी चौकडी दिसतेच.

“चांगला शर्ट होता,” लतिका म्हणाली. पण कात्री घेऊन जाताना तिने होडीच्या पाठीवरून हात फिरवला, तो मी पाहिला.

जलावतरणाचा रविवार उजाडला. आनंदवल्लीच्या काठावर सोसायटी, ऑफिस आणि माझ्याकडून नापास झालेले बरेच लोक जमले होते. कमळाबाईही आल्या होत्या. माझ्याकडे पाठ करून, पण आल्या होत्या. नारळ फोडला. मी भोकात बसलो, क्षेमकल्याणींनी ढकललं आणि मी पाण्यावर तरंगू लागलो.

तरंगू लागलो! थेंबभर पाणी आत आलं नाही. काठावर टाळ्या झाल्या. मी वल्हं मारलं. होडी पुढे गेली आणि डावीकडे वळली. मी पुन्हा मारलं. ती आणखी डावीकडे वळली. मी दोन्ही बाजूंना अगदी सारखी, मोजून, शास्त्रशुद्ध वल्ही मारत होतो आणि होडी डावीकडे, आणखी डावीकडे जात एक संपूर्ण वाटोळं घेऊन पुन्हा लोकांसमोर आली.

“वा! प्रदक्षिणा घातली!” कोणी तरी म्हणालं. गोदावरी असल्यामुळे काहींनी हातही जोडले.

मी हसून मान डोलावली, जणू ठरवूनच. मग दुसरी प्रदक्षिणा झाली. तिसरीला काठावरचे चेहरे बदलायला लागले. बोल्टांचा माल पुरवणारा एक गृहस्थ खिशातून काही तरी काढत होता. ती लाल चिठ्ठी असावी अशी मला खात्री वाटली. मी घाईने जोर लावला, होडी वाटोळ्यातून सुटली आणि सरळ पानवेलींच्या हिरव्या गालिच्यात जाऊन रुतली.

आता पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी वल्ह्याने पानवेली मारत होतो. काठावरून सूचना येत होत्या. पोहता येत नसलेला माणूस, चहूबाजूंना पाणी, आणि बघायला आयुष्यभराचे शत्रू. मी लतिकाकडे पाहिलं. तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि पाण्यात शिरली. पोहायची वेळच आली नाही; पाणी तिच्या कमरेला लागलं. ती चालत आली, होडीचा दोर धरला आणि गोठ्याकडे म्हैस न्यावी तशी मला काठावर घेऊन आली.

“हलू नका,” एवढंच ती वाटेत म्हणाली.

घरी आल्यावर मी पार्किंगमध्ये होडी उपडी घातली आणि ऑफिसातली पाणपातळीची, म्हणजे सपाटी दाखवणाऱ्या बुडबुड्याची, नळी आणून तपासणी केली. दुसऱ्याची करतो तशी. होडीला पीळ पडला होता. टोकापासून टोकापर्यंत, ओला टॉवेल पिळावा तसा. कारण शोधत गच्चीवर गेलो आणि नळी फरशीवर ठेवली. गच्चीला ढाळ असतो, आणि तोही प्रत्येक कोपऱ्याकडे वेगळा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून प्रत्येक गच्चीला असतो. शाळेतल्या पोरालाही ते माहीत असतं. मी घोड्यांची उंची फरशीपासून मोजली होती. फरशी मोजली नव्हती.

खाली येऊन लतिकाला सांगितलं, “नापास.”

“काय?”

“होडी. माझीच आहे म्हणून काय झालं? चिठ्ठी लागणारच. उद्या चंदरला सांगतो, घेऊन जा म्हणून.”

मला वाटत होतं मी हे मोठ्या शांतपणे बोललो. पण आवाज कुठे तरी फुटला असावा, कारण लतिकाने हातातलं काम ठेवलं.

“पाणी आत येतं का?”

“नाही.”

“बुडते?”

“नाही, पण सरळ—”

“मग चंदरला सांगा,” ती म्हणाली, “पण न्यायला नाही. रविवारी नदीवर सोडायला. मला बसायचंय.”

त्या रविवारी आम्ही दोघंच गेलो. म्हणजे आम्ही दोघं, चंदर आणि अर्थातच क्षेमकल्याणी. लतिकाने तिची पर्स आणि चष्मा माझ्या हातात दिला, होडीत बसली आणि काही विचारायच्या आत निघाली. होडी डावीकडे वळली. तिने डाव्या अंगाला आणखी एक वल्हं मारलं. होडी सरळ झाली. मग डाव्या अंगाला दोन, उजव्या अंगाला एक, दोन, एक, दोन, एक. मी वाटोळं घेतलं होतं त्या जागेवरून ती सरळ पुढे गेली, पानवेलींना वळसा घातला आणि वरच्या अंगाला वळणाआड दिसेनाशी झाली.

मी पर्स छातीशी धरून उभा होतो.

“मला त्यातलं काही कळत नाही, पण,” क्षेमकल्याणी म्हणाले, “वहिनी फार लांब गेल्या.”

“पोहता येतं तिला.”

“तसं नाही. पण होडी तुम्ही केलेली.”

त्यानंतर माझा धीर सुटला. ठिगळ सुटलं तर? सांधा उकलला तर? त्या एका होडीत मी किती चुका केल्या असतील, त्या सगळ्या मला एकेक आठवायला लागल्या, आणि त्या सगळ्यांवर लतिका बसली होती. मी काठाकाठाने पळत सुटलो. पर्स काखेत, चष्मा हातात, पुढे चिखल. घोट्याच्या वर पाणी आलं, गुडघ्याच्या वर आलं, आमच्या घराण्यात कोणाला आलं नव्हतं इतकं आलं. तेवढ्यात वळणावरून पिवळं टोक दिसलं.

लतिका येत होती. घामाने चेहरा लाल झाला होता, केस सुटले होते. सायखेड्याची असताना ती कशी दिसत असेल ते मला एकदम कळलं.

“अहो, तुम्ही पाण्यात काय करताय?”

“पर्स द्यायला आलो होतो,” मी म्हणालो.

ती एवढी हसली, की होडी हलायला लागली.

ती बातमी बिल्डिंगमध्ये कशी पसरली, ते क्षेमकल्याणींना ओळखणाऱ्याला सांगायला नको. पुढच्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. कमळाबाई होत्या. कुरडयांनंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “वहिनी गेल्या म्हणे पार वळणापर्यंत.”

“गेल्या होत्या.”

“मीठ कमी-जास्त झालेली कुरडई आपण टाकतो का? खातोच ना?” असं काहीसं पुटपुटत त्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “मला लय दिवसांचं वाटतंय, एकदा पाण्यातून जाऊन बघावं. आमच्याकडं सटाण्याला बायांना कोणी होडीत बसवलं नाही.”

मी, लतिका आणि चंदर त्यांना घेऊन गेलो. नऊवारीचा काचा घट्ट आवळून कमळाबाई त्या भोकात बसल्या. बसवायला आम्हा तिघांना बराच जोर लागला. लतिकाने एकदा करून दाखवलं, दोन आणि एक. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून होडीचं मागचं टोक धरलं आणि थोडं थोडं पुढे नेऊ लागलो. उथळ पाणी संपत आलं तरी माझ्याने टोक सुटेना. बाई साठीच्या, होडी वाकडी, करणारा मी.

कमळाबाईंनी मान वळवून मागे बघितलं. कपाळावर आठ्या, हातात वल्हं, आणि डोळ्यांत जे होतं ते मला आधी कुठल्याच तपासणीत दिसलं नव्हतं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “सोडा की आता!”

मी हात सोडला.